पैलवानाचा गुडघा आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया

कोल्हापूर आणि कुस्ती यांचे नाते महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ सालच्या युरोपच्या प्रवासात रोम येथील प्राचीन क्रीडागृह पाहिले आणि त्या धर्तीवर करवीर नगरीत खासबागेचे मैदान उभारले. १९१२ साली ते कुस्तीसाठी खुले झाले. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींच्या तांबड्या मातीत मल्लांच्या पिढ्या घडल्या. याच शहरातील पेठांच्या तालीम मंडळांनी पुढे फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींच्या संघांचे सामने आजही शाहू स्टेडियमवर मोठी गर्दी खेचतात. ग्रामीण भागात शाळेच्या पटांगणावर कबड्डी रंगते, तर हंगामात उसाच्या फडात मोळी डोक्यावर घेऊन माणसे ट्रॉलीच्या फळीवरून चढ-उतार करीत असतात.

या साऱ्या श्रमाचा आणि बळाचा भार शरीरातील ज्या एका सांध्यावर विशेष पडतो, तो म्हणजे गुडघा. याच मातीत तयार झालेले, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. पुढील, म्हणजे १९५६ सालच्या मेलबर्न ऑलिंपिकला मात्र ते उतरू शकले नाहीत. गुडघ्याची दुखापत आड आली. त्या काळी गुडघ्याच्या आत काय बिघडले आहे, हे गुडघा उघडल्याखेरीज पाहण्याची सोय आपल्याकडे नव्हती. उलट, २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये गुडघा गंभीर दुखावल्याने स्ट्रेचरवरून बाहेर न्यावी लागलेली मल्ल विनेश फोगट शस्त्रक्रियेनंतर पुन्हा आखाड्यात उतरली आणि २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत तिने सुवर्णपदक मिळविले. या दोन घटनांमधील साठ वर्षांत गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे शास्त्र पार बदलले आहे. त्यातील एक महत्त्वाचा भाग, म्हणजे गुडघ्यातील फाटलेल्या कूर्चेवरील दुर्बिणीची शस्त्रक्रिया, समजून घेणे हा या लेखाचा विषय आहे.

हा विषय केवळ डॉक्टरांचा नाही. गुडघा दुखावलेल्या मुलाला पहिल्यांदा पाहतात ते तालमीचे वस्ताद, शाळेतील क्रीडाशिक्षक किंवा घरातील वडीलधारी माणसे. त्या वेळी ते जो सल्ला देतात, त्यावर त्या मुलाचा गुडघा पुढील चाळीस वर्षे कसा राहील, हे बऱ्याच अंशी ठरते.

गुडघ्यातील दोन गाद्या

मांडीचे हाड व नडगीचे हाड जेथे एकमेकांवर टेकतात, तेथे त्यांच्यामध्ये चिवट, लवचिक कूर्चेच्या दोन चकत्या असतात. वैद्यकात त्यांना मेनिस्कस म्हणतात, बोलण्यात रुग्ण आणि डॉक्टर दोघेही ‘गादी’ म्हणतात. आतल्या बाजूची गादी चंद्रकोरीसारखी, तर बाहेरची जवळजवळ वर्तुळाकार असते. दोहोंची बाहेरची कड जाड आणि आतली कड पातळ असते. मांडीच्या हाडाचे टोक गोल आणि नडगीचा माथा बराचसा सपाट. गोल वस्तू सपाट पृष्ठावर ठेवली, तर सारा भार एका बिंदूवर येतो. चाकाखाली दोन्ही बाजूंनी पाचर सारावी, तशा या गाद्या ती पोकळी भरून काढतात आणि भार पसरवितात.

गुडघा सरळ असताना सांध्यावरील भाराचा सुमारे निम्मा वाटा या गाद्या उचलतात. गुडघा काटकोनात वाकला, की हाच वाटा सुमारे ८५ टक्क्यांपर्यंत जातो. बैठका मारणारा पैलवान, जमिनीवर मांडी घालून जेवणारे कुटुंब, उकिडवे बसून भांगलण करणारी शेतकरी स्त्री या सर्वांचे गुडघे दिवसातून अनेकदा खोलवर वाकतात. आपल्या राहणीत या गाद्यांचे महत्त्व किती आहे, हे यावरून ध्यानात येईल.

या गाद्यांची एक मोठी मर्यादाही आहे. त्यांना रक्तपुरवठा केवळ बाहेरच्या कडेला, साधारणतः रुंदीच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच होतो. आतला भाग सांध्यातील वंगणासारख्या द्रवावर पोसला जातो. जेथे रक्त पोहोचते, तेथील जखम सांधू शकते. जेथे पोहोचत नाही, तेथील जखम आपोआप भरून येण्याची शक्यता फार थोडी. पुढे शस्त्रक्रियेचा सारा विचार या एका गोष्टीभोवती फिरतो.

गादी फाटते कशी

पाऊल जमिनीवर घट्ट रोवलेले आहे, गुडघा वाकलेला आहे आणि त्याच क्षणी शरीर वळले, तर मांडीचे हाड नडगीच्या हाडावर पिळले जाते आणि मधली गादी जात्यात सापडावी तशी चिमटते. कुस्तीत पट काढताना किंवा प्रतिस्पर्ध्याच्या पटातून पाय सोडविताना हे घडते. फुटबॉलमध्ये चेंडूसह एकदम वळताना बुटाचे खिळे मातीत अडकून घडते. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा पाय धरला गेला, की घडते. आतली गादी सांध्याच्या वेष्टनाला व बाजूच्या अस्थिबंधाला पक्की जोडलेली असल्याने तिला सरकण्यास वाव कमी असतो. त्यामुळे एकूण पाहता तीच अधिक वेळा फाटते.

चाळिशीनंतरची कथा वेगळी आहे. वयोमानाने गादी शुष्क व ठिसूळ होते आणि एखाद्या वेळी उकिडवे बसून उठण्याचे निमित्तही तिला पुरते. पहिल्या प्रकारात चांगले कापड झटक्याने फाटते, दुसऱ्यात जुने कापड विरते. दोहोंना ‘गादी फाटली’ असेच म्हटले जाते. परंतु दोहोंचा उपचार एक नाही, हे सुरुवातीसच ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

लक्षणे ओळखावी कशी

समजा, आखाड्यात सोळा वर्षांच्या मुलाचा गुडघा पिळला. त्याला आत काहीतरी तुटल्यासारखे जाणवले, तरी तो लंगडत उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला आढळला. सांध्याच्या फटीवर बोट दाबले असता नेमक्या जागी दुखते. चार-सहा दिवसांनी सूज ओसरते आणि मुलगा पुन्हा सरावाला येतो. मग एके दिवशी बैठक मारताना गुडघा मध्येच अडकतो आणि पूर्ण सरळ होत नाही, किंवा जिना उतरताना अचानक दगा देतो. ही गादी फाटल्याची नमुनेदार लक्षणे होत.

दुखापतीनंतर तासा-दोन तासांतच गुडघा टम्म फुगला, तर सांध्यात रक्त साचले असण्याचा संभव असतो. अशा वेळी अस्थिबंध तुटणे किंवा हाड मोडणे यांचीही शंका घ्यावी. पाऊल थंड वा बधिर पडले, अथवा पायावर भारच देता येत नसेल, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

अडकलेला गुडघा ही विशेष काळजीची बाब आहे. कित्येकदा गादीचा फाटलेला लांबट तुकडा बादलीच्या कडीसारखा उलटून सांध्याच्या मध्यभागी येऊन बसतो आणि दारात खडा अडकावा तसा गुडघा अडतो. असा गुडघा ओढून, पिळून किंवा जोराने दाबून ‘बसविण्याचा’ प्रयत्न करणे घातक आहे. त्याने शिवता येण्याजोगी गादी अधिक चिरडते आणि हाडावरील गुळगुळीत अस्तरही खरवडले जाते. मोच, मुरगळ यांवर अनुभवी हाताने केलेल्या मालिशीने आराम पडतो, हे खरे. पण अडकलेला गुडघा हे त्या हाताचे काम नव्हे.

शास्त्राची दीर्घ वाटचाल

या गाद्यांचे मोल वैद्यकालाही सहजासहजी कळले नाही. १८८३ साली एडिंबरो येथील थॉमस अॅनन्डेल या शल्यचिकित्सकाने गुडघा उघडून सुटलेली गादी टाके घालून बसविली होती. परंतु १८९७ साली जॉन ब्लँड-सटन यांनी या गाद्या म्हणजे स्नायूंचे निरुपयोगी अवशेष होत, असे मत मांडले. पुढे कित्येक दशके गुडघा मोठ्या छेदाने उघडून अख्खी गादी काढून टाकण्याची रीत चालू राहिली. रुग्ण काही काळाने चालू लागे आणि शस्त्रक्रिया यशस्वी मानली जाई. १९४८ साली ब्रिटनमधील टी. जे. फेअरबँक यांनी गादी काढलेल्या गुडघ्यांची क्ष-किरण चित्रे तपासून दाखविले, की कालांतराने अशा सांध्यांत हाडांचा आकार बदलतो आणि मधली फट अरुंद होते. गादी गेली, की गुडघा अकाली झिजू लागतो, या जाणिवेचा हा आरंभ होता.

दरम्यान जपानमध्ये वेगळाच शोध चालू होता. जपानी लोकही आपल्याप्रमाणे जमिनीवर बसणारे. क्षयाने आखडलेला गुडघा तेथे माणसाला पंगतीतून उठविणारा ठरे. टोकियोचे प्राध्यापक केन्जी ताकागी यांनी हा रोग लवकर ओळखता यावा, या हेतूने १९१८ साली मूत्राशय तपासण्याची नळी एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून आतील भाग पाहिला. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी ही दुर्बीण सुधारत नेली. त्यांची ‘क्रमांक २१’ ही दुर्बीण पुढे जगभर गाजली. १९६२ साली त्यांनी बास्केटबॉल खेळताना गुडघा दुखावलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलावर शस्त्रक्रिया केली. गुडघा न उघडता, केवळ फाटलेला तुकडा दुर्बिणीच्या साहाय्याने काढण्यात आला. १९६४ च्या सुमारास टोकियोत आलेले कॅनडाचे रॉबर्ट जॅक्सन यांनी हे तंत्र आत्मसात करून टोरांटोला नेले आणि तेथून ते पाश्चात्त्य देशांत पसरले. प्रकाशवाहक तंतू आणि लहान कॅमेरा यांची जोड मिळाल्यावर शल्यचिकित्सक डोळा दुर्बिणीला लावण्याऐवजी पडद्याकडे पाहून काम करू लागले.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया कशी होते

साध्या क्ष-किरण चित्रात हाडे दिसतात, गादी दिसत नाही. म्हणून तज्ज्ञाने हाताने केलेल्या तपासणीनंतर आवश्यक वाटल्यास एम.आर.आय. काढला जातो. शस्त्रक्रियेच्या वेळी बहुधा कमरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर करतात. वाटीच्या खाली, दोन्ही बाजूंस, सुमारे एक सेंटिमीटरपेक्षाही लहान असे दोन छेद घेतात. एका छेदातून सुमारे चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत जाते, दुसऱ्यातून हत्यारे. सांध्यात सलाईनचे पाणी खेळविल्याने जागा फुगते आणि आतील चित्र स्वच्छ दिसते. प्रथम बारीक आकडीने गादी चाचपून चीर कोठे, किती आणि कशी आहे, हे ठरविले जाते. त्यानंतर दोन मार्ग असतात.

पहिला मार्ग म्हणजे फाटलेला, लोंबणारा भाग तेवढाच कातरून कड गुळगुळीत करणे. चीर रक्त न पोहोचणाऱ्या आतल्या भागात असेल, किंवा तुकडा चिंधीसारखा झाला असेल, तर हा मार्ग घ्यावा लागतो. निरोगी भाग मात्र शक्य तितका राखला जातो. रुग्ण त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी आधाराने चालू लागतो, आणि खेळाडू साधारणपणे सहा आठवडे ते तीन महिन्यांत मैदानावर परततो.

दुसरा मार्ग गादी शिवण्याचा. दुर्बिणीतून गादीस टाके घालण्याची सुरुवातही १९६९ साली जपानमध्येच हिरोशी इकेउची यांनी केली. चीर बाहेरच्या, रक्त पोहोचणाऱ्या भागात असेल, ताजी असेल आणि रुग्ण तरुण असेल, तर हा मार्ग श्रेयस्कर ठरतो. यात रुग्णाला धीर धरावा लागतो. चार ते सहा आठवडे कुबड्या व पट्टा, गुडघा काटकोनापलीकडे न वाकविणे, कित्येक महिने उकिडवे न बसणे आणि खेळाला चार ते सहा महिने विश्रांती. सगळेच टाके धरतात असेही नाही. काहींना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

येथेच खरी कसोटी असते. पुढच्या महिन्यात जत्रेची कुस्ती ठरलेली असते. ‘लवकर बरे होईल असे काहीतरी करा’, असा आग्रह घरचे आणि तालमीचे लोक धरतात. कातरलेली गादी मुलाला लवकर मैदानावर आणते, तर शिवलेली गादी त्याला पन्नाशीतही नीट चालता ठेवण्याची आशा देते. जेथे शिवणे शक्य आहे, तेथे काही महिन्यांचा हंगाम गमावणे हा तोटा नव्हे, हे त्या मुलाला समजावून सांगण्याचे काम वस्तादांएवढे दुसरे कोणीही करू शकणार नाही.

प्रत्येक चिरेला शस्त्रक्रिया नको

जे तंत्र सोपे झाले, त्याचा अतिरेक होण्याचाही धोका असतो. वयोमानाने विरलेल्या गादीवर ही शस्त्रक्रिया कितपत उपयोगी पडते, याची परीक्षा फिनलंडमधील डॉक्टरांनी घेतली. ३५ ते ६५ वर्षे वयाच्या १४६ रुग्णांपैकी काहींची गादी खरोखर कातरली, तर काहींच्या बाबतीत केवळ तसा देखावा केला. आपणांस काय केले, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षअखेर दोन्ही गटांच्या प्रकृतीत लक्षणीय फरक नव्हता. त्यापूर्वी, २००८ साली अमेरिकेतील एका पाहणीत असे आढळले होते, की पन्नाशीपुढील ज्या लोकांच्या गादीत चीर होती, त्यांपैकी ६१ टक्के लोकांचा गुडघा मागील महिन्यात दुखलाही नव्हता. २०१७ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय समितीने झिजलेल्या गुडघ्यावर दुर्बिणीची शस्त्रक्रिया सहसा करू नये, असा स्पष्ट सल्ला दिला.

तात्पर्य असे, की पंचेचाळीस-पन्नास वयाच्या शेतकऱ्याच्या अहवालात ‘चीर’ हा शब्द आला, म्हणजे लगेच शस्त्रक्रिया आवश्यक ठरत नाही. मांडीच्या पुढील स्नायूंना बळ देणारा नियमित व्यायाम किमान तीन महिने करणे, वजन आटोक्यात ठेवणे, काही काळ उकिडवे बसणे टाळणे आणि वैद्यकीय सल्ल्याने वेदनाशामक औषध घेणे, हा प्रथमोपचार होय. कर्ज काढून घाईने शस्त्रक्रिया करण्यापूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे. तरुणाचा पिळून फाटलेला वा अडकलेला गुडघा मात्र या नियमात बसत नाही. तेथे उशीर हाच शत्रू आहे.

काय करता येईल

दुखापत होताच सराव थांबवावा. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा, पट्टी बांधून पाय उंचावर ठेवावा. गरम शेक व जोराची मालीश पहिले दोन-तीन दिवस टाळावी. गुडघा अडकला असेल, तर अस्थिरोग तज्ज्ञाला त्याच आठवड्यात दाखवावे. सूज दोन आठवड्यांत उतरली नाही किंवा गुडघा वारंवार दगा देऊ लागला, तरीही दाखविण्यात चालढकल करू नये. कोल्हापुरात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात अस्थिरोग विभागाचा सल्ला मिळतो. खर्चाचा प्रश्न असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली सुचविलेली शस्त्रक्रिया बसते किंवा कसे, याची चौकशी अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधीच करावी. शिधापत्रिका व ओळखपत्र सोबत न्यावे.

शस्त्रक्रिया झाल्यावर काम संपत नाही. ताप आला, पोटरी सुजून दुखू लागली अथवा छेदातून स्राव येऊ लागला, तर तात्काळ डॉक्टरांना दाखवावे. जंतुसंसर्ग वा रक्ताची गुठळी हे धोके विरळ असले, तरी उपेक्षणीय नाहीत. भौतिकोपचार तज्ज्ञाने सांगितलेला व्यायाम हा उपचाराचाच अर्धा भाग होय. दुखावलेल्या पायाची मांडी दुसऱ्या मांडीइतकी बळकट झाल्याखेरीज पैलवानाने जोडीस उतरू नये, आणि खोल बैठका सर्वांत शेवटी सुरू कराव्यात.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत. सरावापूर्वी अंग गरम करणे, आखाड्याची माती नीट उकरून मऊ ठेवणे, मैदानावरील खड्डे बुजविणे, नवशिक्या मुलाला वजनाने फार भारी जोडीशी न लावणे आणि थकल्यावर सराव थांबविणे. ग्रामपंचायतीने व्यायामशाळेसाठी साहित्य घेताना प्रथमोपचाराची पेटी आणि बर्फाची सोय यांचाही विचार करावा. शाळेने दुखापतींची साधी नोंदवही ठेवली, तरी कोणत्या मुलाचा गुडघा पुन्हा पुन्हा सुजतो, हे क्रीडाशिक्षकाच्या नजरेतून सुटणार नाही.

तालमीत शरीर कमावण्याची विद्या पिढ्यान् पिढ्या शिकविली जाते. कमावलेले शरीर राखण्याची विद्याही तिचाच भाग आहे. अडकलेला गुडघा हाताने बसवू पाहणारा आणि ‘आधी डॉक्टरांना दाखवून ये, जोड पुढच्या वर्षी धरू’, असे सांगणारा, असे दोन वस्ताद असतील, तर दुसऱ्याच्या शब्दामुळे एखाद्या मुलाची गादी शिवली जाण्याइतकी शाबूत राहते. रुग्णालयात दुर्बीण आहे, पण मुलगा तिच्यापर्यंत वेळेत पोहोचेल की नाही, हे आखाड्याच्या कडेला उभे असलेले माणूसच ठरवीत असते.